पारावरचे मत आणि फडातले पालक

बीड जिल्ह्यात शिक्षकांचा मोर्चा निघाला की त्याच संध्याकाळी पारावर, टपरीवर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास ऐकू येते. "लाखभर पगार घेतात, आणखी काय पाहिजे यांना?" मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या आणि हे वाक्य शिवीच्या अंगाने म्हटले जात होते. "आम्ही निम्म्या पगारात शिकवू, यांना घरी पाठवा," असेही तरुण पोरे उघडपणे म्हणत होती. २५ सप्टेंबर २०२४ रोजी शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली, तेव्हाही सूर तोच होता. त्या दिवशीचे भांडण पगारवाढीचे नव्हते, वीस मुलांच्या शाळेला पूर्ण शिक्षक मिळणार की कंत्राटी, याचे होते. पण ते कानावर घ्यायला फारसे कोणी तयार नव्हते.

हा राग खोटा नाही. शिक्षकांच्या बाजूने लिहिणारे बहुतेक जण तो अज्ञानातून आला आहे असे समजतात आणि तिथेच चुकतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या पट्ट्यात पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला पुढच्या वर्षी किती पैसे हाती येतील हे कधीच ठाऊक नसते. कापूस वेचून झाला तरी भाव कळत नाही, सोयाबीन काढणीला आले की पाऊस येतो, विम्याचे पैसे कधी येतात, कधी येत नाहीत. अशा गावात महिन्याच्या महिन्याला न चुकता येणारी रक्कम एकाच प्रकारच्या घरात दिसते, ती म्हणजे नोकरदाराच्या घरात. गावातल्या सगळ्यात जवळच्या नोकरदाराला आपण गुरुजी म्हणतो. तहसीलदाराचा पगार कोणी मोजत नाही, कारण तो डोळ्यांसमोर नसतो. गुरुजींचा तालुक्याच्या ठिकाणचा प्लॉट आणि दारातली गाडी मात्र सगळ्यांना दिसते.

त्यात रागाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी शिक्षकांकडूनही घडल्या आहेत. बदलीत सोयीचे गाव मिळावे म्हणून दिव्यांगत्वाची खोटी प्रमाणपत्रे जोडल्याच्या प्रकरणात बीड जिल्हा परिषदेने पन्नासहून अधिक शिक्षकांना निलंबित केले होते. शेजारच्या जिल्ह्यात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेणाऱ्या शिक्षकांचा विषय विधानसभेत काढला, तेव्हा शिक्षकांनी औरंगाबादेत मोठा मोर्चा काढला. मोर्चा मोठा होता, पण 'गुरुजी गावात का राहत नाहीत' या साध्या प्रश्नाचे साधे उत्तर तिथून आले नाही. खेड्यात राहण्याजोगे घर मिळत नाही, मुलांच्या शिक्षणाची सोय नाही, ही कारणे खरी आहेत. मग ती गावासमोर बसून सांगायला हवी होती.

एवढे मान्य करून पुढचा प्रश्न विचारतो. पारावर हे मत मांडणारा माणूस कोण असतो? त्याची मुले सकाळी पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेशी त्याचा संबंध मतदानापुरता. शाळा दोन दिवस बंद राहिली तर त्याच्या घरात काही बिघडत नाही. ज्यांच्या मुलांचे बिघडते ते पालक दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात गेलेले असतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. २०२३ चा संप झाला तेव्हा त्यांच्यातले कितीतरी जण कोयत्यावर होते. शिक्षकांविषयीचे 'जनमत' म्हणून आपण ज्याची चर्चा करतो, त्यात या आई-बापांचा आवाज नसतोच. मला या सगळ्या वादातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

त्या आई-बापांना शिक्षक कसा दिसतो? ऊसतोडीला निघायच्या आधी दारात येऊन "पोराला ठेवून जा, शाळेत जेवायची सोय होईल" अशी विनवणी करणारा माणूस म्हणून तो त्यांना दिसतो. हंगामी वसतिगृहाची यादी करणे, आजी-आजोबांकडे मागे राहिलेल्या मुलांना सांभाळणे, मधूनच फडावर नेलेल्या मुलीचे नाव पटावरून गळू न देणे, ही कामे बीडच्या शिक्षकाच्या वाट्याला येतात आणि ती कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाहीत. सगळेच शिक्षक ती मनापासून करतात असे मी म्हणणार नाही. पण जे करतात त्यांच्यामुळेच एखादी मुलगी दहावीपर्यंत पोचते, आणि तिच्या आईला ते पक्के ठाऊक असते. जानेवारी २०२४ मध्ये मराठा सर्वेक्षणासाठी हेच शिक्षक घरोघर फिरत होते. निवडणुकीच्या याद्या, जनगणना, पोषण आहाराचे हिशेब हे वेगळेच. 'शिकवायचे कधी?' हा त्यांचा प्रश्न रडगाणे म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

आता पगाराबद्दल. 'लाखभर' हा आकडा ज्येष्ठ शिक्षकाला लागू होईलही, पण त्याच गावच्या माध्यमिक शाळेत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला तो लागू नाही. नव्याने लागलेला शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर असतो. प्राथमिकला ते मानधन दहा वर्षांहून अधिक काळ सहा हजार होते, जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झाले. त्याच्याही पलीकडे विनाअनुदानित शिक्षक उभा आहे. २००१ नंतर शासनाने 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळांना परवानग्या दिल्या, २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला आणि २०१६ मध्ये वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा दिला. तोही सगळ्यांना नाही. मधल्या काळात तरुण वयात लागलेली माणसे पांढऱ्या केसांची झाली. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना या शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. पुढच्या टप्प्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, पण पैसे आले नाहीत, म्हणून जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा आझाद मैदानावर चिखलात बसले.

या शाळांत नोकरी लागते कशी, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. एकरभर रान विकून संस्थेला पैसे भरायचे, 'मान्यता येईल, मग अनुदान येईल' या आशेवर वर्षे काढायची, सकाळी शाळा आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायचे. मार्च २०२५ मध्ये बीड शहरात वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवणाऱ्या एका शिक्षकाने आयुष्य संपवले. जिल्हा हळहळला. पारावरचे तेच लोक, ज्यांनी मोर्चाला नावे ठेवली होती, डोळ्यांत पाणी आणून बोलत होते. ती हळहळ खरी होती यात मला शंका नाही. पण ती फार उशिरा आली. याच माणसाचे सहकारी हातात फलक घेऊन हक्काचे वेतन मागत होते, तेव्हा 'पुन्हा मोर्चा?' असे म्हटले गेले होते. शिक्षक दयेला पात्र दिसला की समाज त्याच्या बाजूला येतो, आणि तोच हक्काची भाषा बोलू लागला की दूर होतो.

याचे मूळ आपल्या एका चांगल्या परंपरेत आहे. निजामाच्या राज्यात मातृभाषेतून शिक्षण मिळावे म्हणून मराठवाड्यात ज्या खासगी शाळा उभ्या राहिल्या त्यात अंबाजोगाईचे, तेव्हाच्या मोमिनाबादचे, योगेश्वरी विद्यालय अग्रणी होते. स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखी माणसे तिथे जवळजवळ काही न घेता शिकवत होती, आणि तिथूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडले. शिक्षक म्हणजे त्यागी, ही आमची कल्पना तिथून आली. तिचा मला अभिमान आहे. पण त्या माणसांनी त्याग स्वतः निवडला होता आणि संस्था त्यांचीच होती. आज संस्था एकाची, त्याग दुसऱ्याचा आणि त्यागाची फी पुन्हा त्या दुसऱ्यानेच भरायची. स्वामीजींचे नाव घेऊन या व्यवहाराला प्रतिष्ठा देणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

महात्मा फुले या बाबतीत भाबडे नव्हते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांचे पगार तुटपुंजे असल्याचे सांगितले, ते किमान बारा रुपये आणि मोठ्या गावांत त्याहून जास्त असावेत असे सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि लोकांत मिसळणारे असावेत, हेही त्यांनी त्याच निवेदनात मांडले. चांगला पगार आणि लोकांत मिसळणे या दोन मागण्या त्यांनी एकत्र केल्या होत्या. आज शिक्षक संघटना पहिलीवर बोलतात, पारावरचे लोक दुसरीवर बोलतात, आणि दोघांना वाटते की समोरचा चुकतो आहे.

संघटनांनाही इथे बोलायला हवे. त्यांच्या मागण्यांच्या यादीत पेन्शन आणि बदल्या वर असतात, विनाअनुदानित सहकारी खाली आणि मुले कुठेतरी शेवटी. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २०१८ साली सगळ्या ५५ काउंटींमधले शिक्षक संपावर गेले. शाळा बंद असली की गरीब मुलांचे जेवण बुडणार हे ओळखून त्यांनी आधीच डबे भरून वाटले. पालक त्यांच्या बाजूने राहिले त्यामागे ही एक गोष्ट होती. आपल्याकडेही शाळा बंद म्हणजे खिचडी बंद. ज्या दिवशी मोर्चा आहे त्या दिवशी मुलांच्या ताटात काय पडणार, याचा निर्णय संघटनेच्या बैठकीत व्हायला हवा.

५ सप्टेंबर २०२४ रोजी, शिक्षकदिनीच, शासनाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजारांवर कंत्राटी नेमण्याचा आदेश काढला होता. तो पुढे मागे घ्यावा लागला. कमी पटाच्या शाळा असतात कुठे? बालाघाटाच्या डोंगरातल्या तांड्यांवर आणि वाड्या-वस्त्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या घरांपाशी. पारावर ज्या 'निम्म्या पगारातल्या' शिक्षकाची मागणी होते, तो मागणी करणाऱ्याच्या मुलाच्या वर्गात कधीच येणार नव्हता. आणि डी.एड. करून वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणारा जो पोरगा निम्म्या पगाराला तयार होता, त्यालाही करार संपला की पुन्हा दारात उभे राहावे लागले असते. त्याचा राग मला कळतो. २०१२ पासून कितीतरी वर्षे भरती थांबवून त्याचे वय खाल्ले गेले, ते शेजारच्या गुरुजींनी खाल्लेले नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले आहे. बीडमध्ये या समितीची महत्त्वाची सभा श्रावण-भाद्रपदात, टोळ्या निघायच्या आधी व्हायला हवी. तिथे शाळेची संचमान्यता वाचून दाखवावी: मंजूर पदे किती, भरलेली किती, कोण पूर्ण पगारावर आहे, कोण मानधनावर. गुरुजी गावात का राहत नाहीत हे तिथेच विचारावे, आणि संप करायचा असेल तर त्याचे कारण गुरुजींनी तिथेच सांगावे. प्रश्न विचारणाऱ्या बाईचा मुलगा त्याच वर्गात बसत असेल, आणि महिनाभराने ती त्याला मागे ठेवून कारखान्यावर जाणार असेल. तिने संपाला पाठिंबा दिला किंवा विरोध केला, तर त्याला मी जनमत म्हणेन.