अनुभवाची गुरुदक्षिणा

यंदा दसऱ्याला आमच्या अंगणात मोटारसायकल आली. पुण्यात दुचाकी घरी येणे ही काही बातमी नव्हे. माणसांपेक्षा दुचाक्या जास्त अशी घरे आमच्याच गल्लीत तीन-चार तरी निघतील. पण ही गाडी माझ्या पुतणीने स्वतःच्या पगारातून घेतलेली. वहिनींनी हँडलला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मग आम्ही सारे श्रीखंडपुरीच्या पंगतीला बसलो. वाटीतले श्रीखंड निपटता निपटता पुतणी मला म्हणाली, "काका, तुमचा जन्म ग्रंथालयात गेला. मोटारसायकल चांगली चालवायला शिकवणारं एखादं पुस्तक असतं का हो?"

सगळी पंगत हसली. दादा म्हणाला, "पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का? चार वेळा पडशील तेव्हा आपोआप येईल." वहिनींना त्यातला 'पडशील' हा शब्द तेवढा आवडला नाही. मीही हसलो. सणाच्या दिवशी पंगतीत आपण एकट्याने गंभीर होणे बरे दिसत नाही. पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. दादाचे ते वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते. शब्द थोडे निराळे होते, एवढेच.

१९७९ सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. एका मित्राची राजदूत होती. एका दुपारी कॉलेजच्या मैदानावर त्याने मला ती शिकवली. शिकवली म्हणजे काय, तर क्लच हळू सोडायचा, गियर असा टाकायचा, आणि पुढच्या ब्रेकला शक्यतो हातच लावायचा नाही, नाहीतर तोंडावर आपटशील. हा उपदेश त्याला त्याच्या थोरल्या भावाने केला होता आणि भावाला आणखी कुणी तरी. तासाभरात माझे शिक्षण पुरे झाले. पुढे महिन्याभराने मी पाचगणीहून वाईला पसरणीच्या घाटाने उतरत होतो. डाव्या हाताचे एक वळण आले आणि वेग थोडा जास्त आहे हे मला वळणात शिरल्यावर कळले. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला ओढली जाऊ लागली. समोरून एक दूधवाला सायकलला कॅन अडकवून चढण पायी चढत होता. तो आपल्या बाजूने, अगदी रस्त्याच्या कडेने चालला होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि माझी नजर तिथेच खिळली. पायाने मागचा ब्रेक करकचून दाबला. मागचे चाक जाम झाले, घसरले, आणि ज्याला चुकवायचे त्याच्यावरच मी जाऊन आदळलो.

मला खरचटले. त्याचा पाय मोडला. प्लॅस्टरचा खर्च मी केला, दोनदा फळे घेऊन भेटायलाही गेलो. तो माणूस भांडला नाही. पाय सांधला, पण वाकडा सांधला, आणि सायकलवरचा दुधाचा रतीब त्याला सोडावा लागला. घरी सर्वांनी माझी समजूत काढली. "जाऊ दे, अनुभव आला. आता शहाणा होशील."

मी शहाणा झालोही. त्यानंतर माझ्या हातून अपघात झाला नाही. पण त्या समजुतीतली गफलत ध्यानात यायला मला पुष्कळ वर्षे लागली. अनुभव मला आला होता आणि पाय त्याचा मोडला होता. अनुभवासारखा गुरू नाही, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. पण या गुरूची दक्षिणा पुष्कळदा शिष्याच्या गाठीची जात नाही. रस्त्याच्या कडेने आपल्या वाटेने चाललेल्या तिऱ्हाइताकडून ती वसूल होते. स्वयंपाक चुकतमाकत शिकावा. घरची माणसे चार दिवस करपलेली भाकरी खातील. पेटी चुकतमाकत शिकावी. शेजारी खिडक्या लावून घेतील. पण ज्या विद्येत आपली चूक दुसऱ्याच्या हाडापर्यंत पोचते, तिथे 'पडत-धडपडत शिकेन' असे म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

यावर कुणी सहज म्हणेल की, हक्काचे राहू द्या, पण पुस्तकाने गाडी येते का? आक्षेप खरा आहे आणि थोरामोठ्यांनी तो घेतलेला आहे. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती करता येणे या दोहोंतला भेद उलगडून दाखवला. मायकेल पोलान्यीने १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात सायकलचाच दाखला घेतला. सायकलस्वार तोल सावरतो, पण कोणत्या नियमाने सावरतो हे त्याला सांगता येत नाही. आणि नियम सांगून कुणाला सायकल येत नाही. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरचीही अशीच एक गंमत नमूद आहे. डावीकडे वळताना तुम्ही काय करता, असे त्याने अनेक सायकलस्वारांना विचारले, आणि पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर त्याला कुणी दिले नाही. खरी गोष्ट अशी की, वेगात असलेली दुचाकी डावीकडे वळवायची तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे दाबावी लागते. म्हणजे क्षणभर चाक उजवीकडेच वळते. त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि कलली की वळते. आपण सारे हेच करतो आणि विचारले तर उलटे सांगतो.

मग हाताला जर आपोआप कळते, तर पुस्तकाचे काम काय? बराच काळ मलाही याचे उत्तर सापडत नव्हते. ते सापडले एका पुस्तकातच. कीथ कोड या अमेरिकन शिक्षकाचे 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' १९८३ साली निघाले आणि त्याचा दुसरा भाग १९९३ साली. हा दुसरा भाग हाती आला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्यात माणूस वळणात घाबरला म्हणजे त्याचे शरीर काय काय करते याचा पाढा दिला आहे: हात आखडतात, नजर भीतीच्या वस्तूवर खिळते, ब्रेक नको तेव्हा आणि नको तितका दाबला जातो. मी वाचत गेलो आणि मला पसरणीचा घाट दिसू लागला. माझी ती एकट्याची, लाजिरवाणी चूक तिथे अनोळखी माणसाने छापून ठेवली होती. ती माझी नव्हतीच. ती माणसाच्या जातीची होती.

तेव्हा मला कळले की हाताचे शहाणपण बिनधोक वेळेचे आहे. संकट आले की तोच हात उलटे करतो. डावी मूठ पुढे दाबायची सोडून तो ताठ होतो. संकटात तो बरोबर चालावा असे वाटत असेल, तर त्याला काय शिकवायचे हे आधी ठाऊक पाहिजे, आणि मग मोकळ्या मैदानात शंभरदा करून ते त्याच्या अंगवळणी पाडले पाहिजे. पुस्तक पहिले काम करते. दुसरे पुस्तकाच्या बापाला जमणार नाही.

शिवाय अनुभव हा फार घोटाळेबाज साक्षीदार आहे. तो घडले ते सांगतो, का घडले ते सांगत नाही. पुढचा ब्रेक एकदा कुणीतरी मातीवर, वळणात, गचकन दाबला असेल आणि तो आपटला असेल. त्यावरून त्याने आयुष्यभराचा धडा घेतला, भावाला दिला, भावाने मित्राला, मित्राने मला. वस्तुतः ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि म्हणून लवकर घसरते. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो सरळ गाडीवर, हळूहळू जोर वाढवत दाबायचा असतो. मी पिढीजात अनुभवाचा उपदेश अक्षरशः पाळला आणि एका माणसाला जायबंदी केले.

यात माझा दोष किती? १९७९ साली मी शोधले असते तरी मला कदाचित पुस्तक मिळाले नसते. ब्रिटिश पोलिसांचे 'रोडक्राफ्ट' १९५५ सालापासून छापलेले होते, पण ते मोटारींसाठी, आणि आमच्या गावात ते कुठून असणार? परंतु ही सबब मला पचत नाही. शोधूनही न मिळणे वेगळे आणि शोधलेच नाही हे वेगळे. यात शिकण्यासारखे काही असेल अशी शंकाही मला आली नाही, हा माझा खरा अपराध.

असो. दिवाळीपूर्वीच्या रविवारी मी पुतणीसाठी पुस्तके निवडायला बसलो. निवडताना तीन कसोट्या लावल्या. पहिली, पुस्तक माझ्या चुकीबद्दल बोलते की इतरांच्या? १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा अहवाल निघाला. त्यांच्या मंडळींनी लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले होते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत सुमारे दोन-तृतीयांश वेळा त्या वाहनवाल्याने मोटारसायकलची वाट अडवली होती. हे वाचून कुणालाही बरे वाटेल. पण त्याच अहवालात असेही आहे की, त्या स्वारांपैकी शेकडा ९२ जण रीतसर शिकलेलेच नव्हते. स्वतःच, नाहीतर घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकले होते. पहिले वाक्य सांगून दुसरे गाळणारे पुस्तक मी बाजूला ठेवीन.

दुसरी कसोटी, वाचून झाल्यावर उद्या सकाळी मैदानात जाऊन करण्यासारखे त्यात काही आहे का? आणि तिसरी, ते कोणत्या रस्त्यासाठी लिहिले आहे? अमेरिकन पुस्तकात वाहने उजवीकडून चालतात. आपल्याला प्रत्येक डावे-उजवे उलटे करून वाचावे लागते. आणि अंधारात पट्टे न मारलेला गतिरोधक किंवा रस्त्यावर रवंथ करीत बसलेली म्हैस कीथ कोडला कुठून माहीत असणार?

शेवटी डेव्हिड हफ यांचे २००० साली निघालेले 'प्रोफिशियंट मोटारसायक्लिंग' मी वर ठेवले, कारण त्याची सुरुवातच धोक्याच्या विचाराने होते आणि ते रोजच्या रस्त्याबद्दल बोलते. कोडचे दुसऱ्या नंबरावर. ते शर्यतीच्या मार्गावर जन्मलेले, थोडा हात बसल्यावर वाचावे. रॉबर्ट पिर्सिगचे १९७४ सालचे प्रसिद्ध पुस्तक पुतणीने नावावरून आधीच आणले होते. त्यात गाडी कशी चालवावी हे नाही. पण हातातले काम मन लावून करणे म्हणजे काय याची चर्चा आहे, म्हणून तेही राहू दिले. मात्र एक भीती तिला सांगितली. पुस्तके वाचून माणसाला आपल्याला सगळे येते असे वाटू लागते, आणि हे अडाणीपणाहून वाईट. साठच्या वेगाने जाणारी गाडी आपण 'अरे' म्हणेपर्यंत, म्हणजे एका सेकंदात, सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. हे पाठ म्हणता येणाऱ्या माणसालाही रस्ता एक मीटरची सवलत देत नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून चाक जाम होऊ न देणारा एबीएस सक्तीचा झाला, ते फार चांगले झाले. पण आपण कुठे पाहायचे हे ते यंत्र ठरवीत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची शेकडा चव्वेचाळीस होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोकळ्या मैदानावर गेलो. मी खडूची रेघ मारली आणि थांबण्याच्या जागी वीट ठेवली. पुतणी रेघेवर आली की ब्रेक दाबायची. मी वीट सरकवायचो. पहिल्या खेपेला ती पार पुढे गेली. विसाव्या खेपेला वीट बरीच अलीकडे आली होती. मग वळणाचा सराव. "विटेकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ," असे मी ओरडत होतो, आणि ओरडता ओरडता माझा आवाज मलाच निराळा लागला. तिने गाडी थांबवली. "काका, काय झालं?"

तेव्हा मी तिला पसरणीच्या घाटाची गोष्ट सांगितली. घरात ती नव्या पिढीपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "त्यांचं नाव काय होतं?"

मला आठवेना. त्या वळणाचा उतार मला आठवत होता, सांडलेल्या दुधाचा ओघळ आठवत होता, प्लॅस्टरला किती रुपये दिले तेही आठवत होते. इतकी वर्षे ज्याला मी मनात माझा गुरू म्हणत आलो, त्याचे नाव मला सांगता आले नाही. पुतणी काही बोलली नाही. तिने शिरस्त्राणाचा पट्टा पुन्हा आवळला आणि गाडी वळवून रेघेपाशी नेली.

पुस्तक हे मला आता असेच वाटते: कुणाच्या तरी मोडलेल्या हाडांवर मिळालेले शहाणपण, ज्याची किंमत देऊन झाली आहे आणि आपल्याला ते जवळजवळ फुकट मिळते आहे. ते न वाचता रस्त्यावर उतरणे म्हणजे तीच किंमत पुन्हा एकदा, तीही दुसऱ्याला, द्यायला लावणे. या दिवाळीत पुतणीला मी तिन्ही पुस्तके दिली. आणि भाऊबीज झाली की वाईला जाणार आहे. तो दूधवाला आता हयात असण्याचा संभव कमीच. पण गावात विचारले तर कुणी नाव तरी सांगेल.