शिशाची गोळी आणि शेवटचा रकाना

आम्ही ज्या उपनगरात राहतो त्याच्या नावाने एक गोळी ओळखली जाते. कोलकात्याच्या डमडम भागातील शस्त्रशाळेत १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांनी ती तयार केली. तिच्या टोकाचे शिसे धातूच्या आवरणाबाहेर उघडे ठेवलेले असे. त्यामुळे ती शरीरात शिरताच पसरे व मोठी जखम करी. १८९९ साली हेग येथील परिषदेत पसरणाऱ्या गोळ्या युद्धात न वापरण्याची घोषणा झाली. गावाचे नाव मात्र गोळीला चिकटून राहिले ते राहिलेच. बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा आम्हांला यांतले काही ठाऊक नव्हते. आमची चिंता इतकीच, की तेथे ज्वारीचे पीठ मिळेल की नाही.

गोळ्यांचा विषय आमच्या डोक्यात शिरला तो गेल्या दिवाळीत. कार्यालयातील एका मराठी स्नेह्यांकडे फराळास गेलो असता त्यांचे मेहुणे भेटले. ते नोकरीनिमित्त अमेरिकेत, मोन्टाना राज्यात असतात. त्यांचे शेजारी म्हणजे शाळेच्या बसचे एक निवृत्त चालक. हे गृहस्थ हिवाळ्याच्या रात्री आपल्या गॅरेजात बसून रायफलीच्या गोळ्या स्वतः ओततात. मेहुण्यांनी त्याची चित्रफीत भ्रमणध्वनीवर दाखविली. आमच्यासारख्या, आयुष्यात टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे मजल न गेलेल्या माणसाने ती एकदा पाहून विसरायला हवी होती. पण आम्ही ती तीनदा पाहिली, आणि मग कित्येक रात्री त्या विद्येची माहिती वाचीत बसलो. एका कारकुनाला त्यात एवढे काय सापडले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या रायफलींविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. चापाभोवतीची कडी खाली ओढून परत वर घेतली, की रिकामे काडतूस बाहेर उडते व नवे आत सरकते. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक असतात. म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते. टोकदार गोळी धक्क्यासरशी पुढच्या काडतुसाच्या बुडातील स्फोटक टोपीवर आदळली, तर अनर्थ ओढवेल. विंचेस्टर कंपनीच्या १८७३ सालच्या रायफलीची काडतुसे पुन्हा भरता येत. त्याआधीच्या रायफलींची, कडेला स्फोटक असलेली काडतुसे एकदा उडाली की संपली. दूर कुरणांवर राहणाऱ्याला दुकान जवळ कोठले असणार? म्हणून कंपनी साचे आणि भरण्याची हत्यारेही विकी. पुढे जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली १८९४ सालची रायफल आली. ती सत्तर लाखांहून अधिक तयार झाली. शेजाऱ्यांची रायफल त्यांतलीच.

आता ओतकाम. लोखंडी भांड्यात शिसे वितळते ते सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला. नुसते शिसे फार मऊ. म्हणून त्यात थोडे कथील घालतात, त्याने रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट बसतो, आणि अँटिमनी घालतात, त्याने गोळी कठीण होते. मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावलेली जुनी वजने हा अशा मिश्रणाचा एके काळचा हुकमी साठा. रसात मेणाचा तुकडा टाकून ढवळतात, म्हणजे वर आलेले कथील पुन्हा आत मिसळते व मळी बाजूला होते. कल्हईवाल्याने नवसागर टाकताच उठणारा धूर ज्यांनी लहानपणी अंगणात पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. मात्र या रसात पाण्याचा एक थेंब गेला, तर वाफेच्या तडाख्याने शिसे तोंडावर उडते. आणि मळीची धूळ पोटात गेली तर ती जन्मभराची दुखणी देते.

पहिल्या दहा-पंधरा गोळ्या वाया जातात, कारण साचा थंड असतो. गोळीवर सुरकुत्या पडतात. साचा फार तापला तर तिच्यावर दहिवर पडल्यासारखा पांढुरका थर दिसतो. शेजारी प्रत्येक गोळी दिव्याखाली फिरवून पाहत होते, वजन करीत होते, आणि जरा उणी भरली की पुन्हा भांड्यात टाकीत होते. मग गोळीच्या खाचांत मधमाशीच्या मेणाचे वंगण. (वंगणाचा विषय निघाला, की डमडमकराला १८५७ चा जानेवारी आठवणारच, काडतुसांना लावलेल्या चरबीची कुजबूज येथूनच उठली.) पुढे पितळी कोशातील उडालेली टोपी काढून नवी बसविणे, दारू ग्रेनच्या मापाने तोलणे, गोळी बसवून कोशाचे तोंड तिच्यावर किंचित् दाबणे. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. धूर न करणारी आधुनिक दारू कोशात इतकी थोडी जागा व्यापते, की चुकून दोनदा पडली तरी कित्येकदा वरून कळत नाही. आणि कळत नाही म्हणजे रायफल आपल्याच गालाशी फुटते. म्हणून हे गृहस्थ सारे कोश फळीवर ओळीने मांडून, दिवा धरून, प्रत्येकात डोकावून पाहत होते. इतक्या काळजीने फाइल तपासणारा मनुष्य आम्ही वीस वर्षांच्या नोकरीत फार तर दोनदा पाहिला असेल, असे आमचे स्नेही म्हणाले. आमची नोकरी बारा वर्षांची. आम्ही एकदाही पाहिला नाही.

येथे प्रश्न उभा राहतो. ही सारी निष्ठा एका जीवाला मारण्यासाठी आहे. मग तिला सद्गुण म्हणावे काय?

कोणी म्हणेल, जो स्वतः ओततो त्याला गोळीची किंमत कळते. दुकानातील पेटी घेणारा बेफिकीरपणे उडवील, हा जपून उडवील. यात तथ्य असेलही. परंतु उलट बाजूही तितकीच खरी, की हाताला काम गोड लागले की काम कशासाठी हे मन विचारीत नाही. गीतेने कर्मातील कौशल्याला योग म्हटले खरे. पण ते कौशल्य साच्यातून गुळगुळीत गोळी काढण्याचे नव्हे, हे सांगायला टीकाकार नको. कारागिरी ही आमच्या मते नीतीच्या बाबतीत मुकी असते. ती देवाची मूर्ती ओतील तशीच गोळीही ओतील, आणि दोन्ही वेळा तितकीच प्रसन्न असेल.

शिवाय गोळीचा न्याय विचित्र आहे. पसरणारी गोळी सैनिकावर झाडणे क्रूर, म्हणून निषिद्ध. हरणावर मात्र तीच हवी, न पसरणारी नको, असा अमेरिकेतील अनेक राज्यांचा दंडक, कारण तिने जनावर लवकर मरते, तडफडत नाही. क्रौर्य आणि दया यांची व्याख्या समोर कोण आहे यावर फिरते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निराळीच वाट धरली: दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याने दारूगोळा बनविण्याची यंत्रसामग्री घातली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रिकामा साचा हीच गोळी. ही व्याख्या वाचताना आम्हांला आमची लेखणी आठवली, आणि तिच्याबरोबर एक जुने प्रकरण.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या शहरी, आमच्याकडे एका मयत शिपायाच्या विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण आले. सेवापुस्तकात तिचे नाव एक, बँकेच्या कागदांत माहेरचे दुसरे. आम्ही आक्षेप नोंदविला. टिप्पणी निर्दोष होती. नियमाचा क्रमांक, पृष्ठाचा क्रमांक, सारे यथास्थित. वरिष्ठांनी त्यावर सही केली, जावकने ते पाठविले. सात महिन्यांनी फाइल परत आली ती अर्जदार हयात नसल्याच्या पत्रासह. त्या बाई आमच्या टिप्पणीने गेल्या असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. पण त्या सात महिन्यांत त्यांचे कसे चालले, हे विचारायला आमच्या नोंदवहीत रकाना नव्हता. शेवटचा रकाना असतो तो ‘निकाल’. त्यात आम्ही तारीख घातली. वळणदार अक्षरात.

गोळी ओतणारा आणि आम्ही यांत हा फरक आम्हांला प्रथम जाणवला. त्याच्याकडे साखळी तुटलेली नाही. ओतणारा तोच, भरणारा तोच, चाप ओढणारा तोच. दारू दोनदा पडली तर चेहरा त्याचाच. आमचे काम चार टेबलांवर वाटलेले, आणि चूक झाली तर ती पाचव्याच माणसाच्या पदरात. सर्वांनी थोडे थोडे केल्यामुळे कोणीच काही केलेले नसते.

तथापि शेजाऱ्यांना एवढ्यावर सोडता येत नाही, कारण शिसे मारून थांबत नाही. शिकाऱ्याने रानात टाकलेल्या आतड्यांत त्याचे कण राहतात आणि मेलेले खाणारे पक्षी ते गिळतात. कॅलिफोर्नियाचा काँडर हा प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी १९८२ साली सारा मिळून २२ उरला होता. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात वाढविला, १९९२ पासून पुन्हा सोडू लागले. तरी त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण अजून शिशाची विषबाधाच आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी सर्वस्वी बंद केली. मंद वेगाची ओतीव गोळी वेगवान गोळीइतकी चुरत नाही, असे ओतणारे सांगतात. सांगोत, पण शिसे ते शिसेच. आणि आपण हसण्याचे कारण नाही. आपली गिधाडे तर आपण दुखऱ्या गुरांना दयेपोटी दिलेल्या डायक्लोफिनॅकने मारली. जनावरांसाठीचे ते औषध २००६ साली बंद झाले, तोवर आकाश रिकामे झाले होते. हातून सुटलेली गोष्ट कोठवर जाते, हे साखळी अखंड असूनही दिसत नाही.

हे सारे आम्ही मेहुण्यांना त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी बोलून दाखविले. ते म्हणाले, “अहो, तुम्ही फार लांब जाता. पण त्यांच्याकडे एक वही आहे, तिचा फोटो पाठवतो.” महिनाभराने फोटो आला. जाड पानांची, आमच्या आवक-जावक वहीसारखी आखलेली वही. तारीख, मिश्रण, गोळीचे वजन, दारू, अंतर. आणि शेवटी एक रुंद रकाना, गोळी कोठे गेली याचा. बहुतेक ठिकाणी ‘फळीत’, ‘मातीत’. दोनदा ‘हरीण, जागीच’. पानाच्या तळाशी नोव्हेंबरातील एक नोंद होती: ‘हरीण. लागली. रक्त ओढ्यापर्यंत. दोन दिवस शोधले. सापडले नाही.’

आम्ही चित्र मोठे करून पुढचे पान पाहिले. त्यावरची पहिली तारीख अकरा महिन्यांनंतरची होती.