भिंतीतून दिसणारी आजी

रशियातल्या नोवगोरोद शहराखालची जमीन ओलसर आणि चिकट आहे. तिच्यात हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, झाडाची साल अशा एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तिथे शेकडो वर्षं टिकतात. १९५६ च्या उत्खननात याच जमिनीतून बर्च झाडाच्या सालीचे काही तुकडे निघाले. तेराव्या शतकातल्या ओनफिम नावाच्या मुलाने त्यांवर अणकुचीदार वस्तूने अक्षरं गिरवली होती. अभ्यासकांच्या अंदाजाने तो सहा-सात वर्षांचा असावा. एका तुकड्यावर मुळाक्षरांतली पहिली अकरा अक्षरं आहेत आणि पुढची नाहीत. उरलेल्या जागेत एक घोडेस्वार खाली पडलेल्या शत्रूला भाला मारतो आहे आणि स्वाराशेजारी लिहिलंय ‘ओनफिम’. अभ्यास मध्येच सोडून मुलगा स्वतःच वीर होऊन घोड्यावर बसला! त्याच्या चित्रांतल्या माणसांचे हात दाताळ्यासारखे आहेत. कुणाला तीन बोटं, कुणाला त्याहून जास्त. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या आजच्या मुलासमोर हे चित्र ठेवलं, तर ते त्याला परकं वाटणार नाही.

मुलांच्या चित्रांतली ही सारखेपणाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बालशिक्षिकेने देशोदेशींच्या मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यांतून एक क्रम दाखवला. आधी नुसत्या रेघोट्या, हात पुढेमागे फिरवण्याचा आनंद. मग कधीतरी रेघ फिरून स्वतःच्याच टोकाला येऊन मिळते आणि गोल तयार होतो. आतलं आणि बाहेरचं असे कागदाचे दोन भाग होतात. मोठ्यांच्या नजरेला हा क्षण क्षुल्लक दिसतो, पण मला तो बाळाच्या पहिल्या पावलाइतका मोठा वाटतो. त्या गोलाला किरण फुटतात, सूर्य होतो. डोळे येतात. मग दोन किरण लांबून पाय होतात आणि डोक्यालाच पाय असलेला माणूस उभा राहतो. पोट, गळा, खांदे यांची अजून गरज भासलेली नसते.

साडेचार वर्षांच्या आमच्या लेकीने पाठकोऱ्या कागदावर काढलेलं ‘आजीचं घर’ माझ्यासमोर आहे. कौलांच्या रेघा मन लावून मारल्यात. भिंत आहे, दार बंद आहे, दाराला कडीसुद्धा आहे. तरी त्या भिंतीतून आजी दिसते, तिच्यापुढचा गॅस दिसतो, गॅसवरचं पातेलं दिसतं आणि पातेल्यातला तपकिरी चहाही दिसतो. अंगणातला रस्ता वरून पाहावा तसा सपाट पसरलाय आणि त्याच्या दोन्ही कडांची झाडं बाहेरच्या बाजूला आडवी झोपलीत. छपरावरचं मांजर दारापेक्षा मोठं. आजीचा एक हात आखूड आणि दुसरा पार अंगणापर्यंत लांब. दार बंद असून आजी कशी दिसते, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “आजी आत आहे ना, म्हणून.” आणि तो लांब हात? “मी आले की ती मला घेते, तो हात.”

या दोन उत्तरांत मोठा सिद्धांत आहे. ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्ये मुलांच्या चित्रांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं त्याचं म्हणणं असं की, लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, मनाला ठाऊक असतं ते काढतं. एका जागी उभं राहिलं की भिंतीपलीकडचं दिसत नाही, हा डोळ्यांचा नियम झाला. आजी घरात आहे ही मात्र पक्की खात्री आहे आणि चित्र त्या खात्रीचं काढायचं असतं. आकाराचंही तसंच. ज्याचं महत्त्व मोठं, ते मोठं.

हे केवळ बालपणाचं लक्षण मानायला मी तयार नाही. आपल्याकडच्या लघुचित्रांत बागेतलं तळं वरून पाहिल्यासारखं चौकोनी असतं आणि काठावरची झाडं समोरून पाहिल्यासारखी उभी असतात. वारली चित्रातला तारपा नाच आठवा. नाचणाऱ्यांचा वळत गेलेला फेर आकाशातून पाहिल्यासारखा दिसतो, पण त्यातला प्रत्येक माणूस आपल्या पायांवर उभा दिसतो. ते चित्रकार पूर्ण जाणते होते. एका डोळ्याने, एका ठिकाणाहून, एका क्षणी दिसेल तेवढंच खरं, ही अट त्यांनी स्वीकारली नव्हती. ती अट युरोपात पंधराव्या शतकात रुजली, छायाचित्रांनी ती घट्ट केली आणि आज आपण तीच घेऊन आपल्या मुलांच्या चित्रांपुढे उभे राहतो. “अगं, भिंतीतून कधी दिसतं का?” असं आपण सहज म्हणून जातो.

त्याहून मोठं नुकसान तयार चित्रांनी होतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही हे ‘निसर्गचित्र’ झोपेतही काढता येईल. ज्या मुलाच्या गावी नजर पोहोचेपर्यंत काळं सपाट रान आणि कपाशी आहे, तेही हेच काढतं. जे त्याने पाहिलं नाही, जे त्याला ठाऊक नाही, ते त्याचा हात बिनचूक गिरवतो. रंगभरण स्पर्धेत तर चित्रही दुसऱ्याचं असतं. मुलाकडे राहतं ते रेघेबाहेर न जाणं.

सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत देवीप्रसाद कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात शिकून ते १९४४ मध्ये वर्ध्याला आले आणि पुढे मुलांच्या कलेवर त्यांनी आस्थेने लिहिलं. कला हा वेळापत्रकातला एक तास नाही, शिक्षणाचा पायाच आहे, असं ते मानत. हे काम आपल्याच मातीत, साध्या खेड्यातल्या मुलांबरोबर झालं आहे, हे आपल्या पालकसभांमध्ये कधी ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग कौतुक करायचं कसं? १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुळात चित्रं काढायला आवडणारी, तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळेत रंगीत पेनं ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. बोलीवर काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना उणी वाटली होती. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र तसं काही बिघडलं नाही. घातक असतो तो सौदा.

म्हणून “छान हं!” म्हणून मोबाइलकडे वळणं मला पुरेसं वाटत नाही. मुलाला आपली शाबासकी हवी असतेच, पण त्याआधी आपण ते चित्र पाहायला हवं असतं. इथे रंग दाबून भरलाय, इथे हात हलका आहे, ही रेघ कागद संपेपर्यंत गेली, असं जे दिसतं ते बोलावं. अगदी लहान मुलाला “हे काय आहे?” असंही लगेच विचारू नये. पुष्कळदा ते काहीच नसतं, ती फक्त रेघ असते आणि आपल्या प्रश्नासाठी ते घाईघाईने तिला हत्ती करून टाकतं.

हा काळ थोडा असतो. आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास मुलाला आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ नाही हे खुपू लागतं. “मला चित्र येत नाही” हे वाक्य तेव्हाचं. तिथून पुढे काहींना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राची, स्मरणचित्राची शिस्त उपयोगी पडते. त्या शिस्तीला तिची जागा आहे. पण तिच्या आधीची वर्षं तिची तयारी म्हणून खर्ची घालू नयेत.

पॉल क्ले या चित्रकाराला १९०२ मध्ये आईवडिलांच्या घरी आपली लहानपणची चित्रं सापडली आणि पुढे स्वतःच्या कलाकृतींची यादी करताना त्याने त्यांतली निवडक चित्रं मानाने तिच्यात घातली. चार्ल्स डार्विनच्या मुलांनी वडिलांच्या हस्तलिखिताच्या पानांमागे भाजीफळांवर स्वार होऊन लढणारे सैनिक काढले. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या मूळ हस्तलिखिताची फार थोडी पानं आज उरली आहेत. त्यांतली काही, मागे पोरांनी चित्रं काढली होती आणि घरच्यांनी ती जपली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

सगळी चित्रं ठेवणं आपल्या घरांत जमणार नाही, हे उघड आहे. पण दर महिन्याला एक तरी ठेवा. त्यावर तारीख घाला आणि मूल चित्राबद्दल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, दुरुस्त न करता, लिहून ठेवा.