कागद येईपर्यंत

गेल्या वर्षी काही महिने माझ्या पासपोर्टात घडी घातलेला एक कागद होता. त्याचं जर्मन नाव ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘कल्पिताचं प्रमाणपत्र’. कथा-कादंबऱ्यांची भाषांतरं करून पोट भरणाऱ्या बाईला सरकारनेच असा कागद द्यावा, याचं मैत्रिणींना हसू आलं. मलाही आलं. पण या ‘कल्पिता’ला मराठीत नेमकं काय म्हणावं, हा प्रश्न डोक्यात राहिला, आणि तो मला जिथे घेऊन गेला तिथे मला जायचं नव्हतं.

मी जर्मनीत स्वतंत्र व्यावसायिक म्हणून राहते. तिथला प्राप्तिकर कायदा मुक्त व्यवसायांच्या यादीत डॉक्टर-वकिलांबरोबर भाषांतरकारालाही बसवतो. त्यामुळे आमच्यासारख्यांना त्या आधारावर वास्तव्याचा परवाना मागता येतो. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. पासपोर्ट, फोटो, आरोग्य विमा, भाडेकरार, उत्पन्नाचे पुरावे, प्रकाशकांशी केलेले करार. मी सगळं वेळेत दिलं. भेटीची तारीख मिळाली ती परवाना संपल्यानंतर अकरा आठवड्यांची.

मधले अकरा आठवडे मी कोण?

तिथल्या वास्तव्य कायद्याच्या ८१व्या कलमात याचं उत्तर आहे. परवाना असलेल्याने मुदतीत अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं मानलं जातं. त्याची खूण म्हणजे तो घडीचा कागद. त्यावर काही चौकटी असतात. कुठल्या चौकटीत फुली आहे यावर, देशाबाहेर जाऊन त्या कागदावर परत येता येईल की नाही, हे ठरतं. त्याच दिवसांत साताऱ्याला आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी हव्या त्या चौकटीत फुली मारली. आपल्याकडे फुली म्हणजे चूक, तिथे फुली म्हणजे होय. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. मग कळलं, आणि मी आईपाशी जाऊन आले.

विमानात शब्द सापडला: मानीव. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे बिल्डर फ्लॅट विकतो, सोसायटी स्थापन होते, पण इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायचं पुष्कळदा टाळतो. तेव्हा बिल्डरच्या सहीवाचून, त्याने ती करून दिली असं धरून, जिल्हा उपनिबंधकांकडून हस्तांतरण मिळवायची सोय कायद्यात आहे. तिला म्हणतात ‘मानीव अभिहस्तांतरण’. मराठी कायद्याच्या भाषेतला हा शब्द मला फार आवडतो. ‘कल्पित’ म्हटलं की खोट्याचा वास येतो. ‘मानीव’मध्ये खोटं काही नाही. जे व्हायला हवं होतं पण कुणाच्या तरी दिरंगाईने झालं नाही, ते झाल्याचं मानायचं, एवढंच.

शब्द सापडल्याचा आनंद फार टिकला नाही. कारण हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला होता तो आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या इतिवृत्तात. मराठी चांगलं म्हणून तीन वर्षं ते काम माझ्याकडे होतं. एका सभेत पहिला विषय होता मानीव अभिहस्तांतरणाचा. वीस वर्षं राहत असूनही जमीन आमच्या नावावर नव्हती, आणि त्याबद्दल सगळे तावातावाने बोलत होते. चौथा विषय होता, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी आलेली भाडेकरू.

ती इंफाळहून आलेली परिचारिका होती. फ्लॅटमालक तयार होते. सोसायटीला पोलीस पडताळणी, नोकरीचं पत्र आणि पुण्यातल्या दोघांची ओळख हवी होती. पहिलं आणि तिसरं तिने आणलं. हॉस्पिटलचं पत्र पंधरा दिवसांनी मिळणार होतं, कारण तिथले सही करणारे साहेब रजेवर होते. सभेच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात येऊन म्हणाली, “पंद्रह दिन के लिए मान लीजिए ना, मॅडम.”

मी म्हणाले, “ऐसे मान के नहीं चलता. कागज ले आइए.”

इतिवृत्तात लिहिलं: ‘आवश्यक कागदपत्रांअभावी अर्ज नामंजूर.’ महिन्याभराने तो फ्लॅट कोल्हापूरच्या एका इंजिनिअर कुटुंबाला गेला. त्यांची पोलीस पडताळणी ते राहायला आल्यावर दोन महिन्यांनी आली. मधल्या काळात कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती येईलच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मानीव, मान लीजिए, धरून चाला. भाषांतर हाच धंदा असलेल्या बाईला त्या दिवशी तिच्या तोंडचा शब्द ऐकू आला नव्हता.

कागद मागूच नयेत असं मी म्हणत नाही. कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात इथे एक रेघ ओढली आहे. पृथ्वी गोल आहे, माणसांना अनंत पांगता येत नाही, कधीतरी एकमेकांना सोसावंच लागतं. म्हणून परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे. पण तो हक्क भेटीपुरता. पाहुणा म्हणून राहायचं तर वेगळा करार हवा. वास्तव्याचा परवाना म्हणजे मला तो करारच वाटतो, आणि करारात दोन्ही बाजूंनी काही दाखवावं लागतं. माझी मिळकत आणि माझा विमा पाहण्यात मला अपमान वाटला नाही. आमच्या सोसायटीनेही भाडेकरूची माहिती घ्यावी. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कराराचा अर्ज दिला, उत्तर यायचंय, तोवर दारातल्या माणसाला काय समजायचं?

कागद येईपर्यंत माणूस संशयित, हे एक उत्तर. ते सावधपणाचं वाटतं. पण उशीर कुणाचा, याकडे ते पाहत नाही. माझ्या अकरा आठवड्यांचा उशीर कार्यालयाचा होता, तिच्या पंधरा दिवसांचा हॉस्पिटलचा. दोन्हीकडे अर्ज करणारीने आपलं काम केलेलं होतं. ८१वं कलम हे ओळखतं. ते दया करत नाही, कुणाच्या प्रामाणिकपणाची हमीही देत नाही. दुसऱ्याच्या दिरंगाईची किंमत वाट पाहणाऱ्याकडून वसूल करायची नाही, इतकंच ते म्हणतं. आणि अर्ज नाकारला गेला, तर हे मानणंही संपतं.

खरं तर धरून चालल्याशिवाय कुणाचंच चालत नाही. आम्ही कोल्हापूरच्या कुटुंबाला धरून चाललो, स्वतःला तर वीस वर्षं जमिनीचे मालक धरून चाललो. न मानण्याची शिस्त आम्ही एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवली, आणि तिला नियम म्हटलं. माझ्या त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. कागद खरोखरच नव्हता. फक्त ‘अद्याप’ हा शब्द मी लिहिला नाही, आणि ‘नामंजूर’च्या जागी ‘प्रलंबित’ लिहिता आलं असतं, हे माझ्या मनातही आलं नाही.

ती आता कुठे आहे, मला माहीत नाही. तिची माफी मागायची म्हटलं तरी पत्ता नाही. आमच्या दप्तरात तिचा पत्ता म्हणून जे लिहिलं होतं, तो आमचाच फ्लॅट होता.

आईचं ऑपरेशन नीट झालं. परत आल्यावर मी सोसायटीच्या सचिवांना एक कलम लिहून पाठवलं: मुदतीत अर्ज केलेल्या भाडेकरूचा एखादा कागद तिसऱ्या पक्षाच्या विलंबामुळे आला नसेल, तर तीस दिवसांपर्यंत तो सादर झाल्याचे मानण्यात यावे. उत्तर आलं, “चांगलं आहे ताई, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊ. आधी मानीवचं एकदा होऊन जाऊ दे.”