सूर्य कर्मयोगी आहे का?



आजचं वाचन गीता, अध्याय 4, श्लोक 18. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म ज्याला दिसतं तो शहाणा, असा साधारण आशय. ऐकायला सोपं, पचायला अवघड. अकर्म समजावताना विनोबांनी ‘गीता प्रवचनां’त सूर्याचा दाखला दिला आहे. अंधार घालवू म्हणून तो उगवत नाही, प्रकाशणं हा त्याचा स्वभावच. (ही प्रवचनं 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी झाली. सूर्याच्याच वारी! लिहून घेतली साने गुरुजींनी.)

आता इंजिनीअरच्या डोक्याला लगेच प्रश्न पडतो, सूर्य नेमकं करतो काय? त्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं, आणि त्यात 40 लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. तो प्रकाश बुधाच्या ओसाड दगडांवर पडतो, गुरूच्या चंद्रांवर, धूमकेतूंवर पडतो. पृथ्वीच्या वाट्याला दोनशे कोटी भागांतला जेमतेम एक भाग येतो. बाकीचा कोणाच्या कामी आला, याची चौकशी नाही. याहून मोठा कर्मयोगी कुठे सापडणार?

पण त्याला दुसरं काही करता येतं का? आपला सर्व्हरही रात्रभर न कुरकुरता चालतो. त्याला कोणी योगी म्हणत नाही.

आणि आपण वर्धेकर तर सूर्याला जरा जवळून ओळखतो. मेच्या अखेरीकडे, नवतपा लागतो त्या सुमारास, भर दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. गंमत म्हणजे तेव्हा पृथ्वी त्याच्या जवळ नसते. जानेवारीत अंतर 14.7 कोटी किलोमीटर, जुलैच्या सुरुवातीला 15.2 कोटी. उन्हाळा येतो तो पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. म्हणजे सूर्याचा आपल्यावर राग नाही. प्रेमही नाही. त्याच उन्हात रस्त्याच्या कामावर गिट्टी टाकणाऱ्या बाईला ऊन लागतं, आणि तो तसाच निर्लिप्त तळपत राहतो.

मग निर्लिप्त म्हणजे बेफिकीर का? टीममधल्या एकाची नोकरी जाते, आपण ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’ म्हणून लॅपटॉप उघडतो आणि त्याला वैराग्य समजतो. बाराव्या अध्यायात (श्लोक 13) भक्ताची लक्षणं सांगताना द्वेष नसणं आधी येतं, पण लगेच पाठोपाठ मैत्री आणि करुणा येतात. सूर्याकडे पहिलं आहे, पुढची दोन नाहीत. माझ्या मते दाखला तिथे संपतो.

विनोबा स्वतः तिथे थांबले नाहीत. मार्च 1951 मध्ये ते पवनारहून पायी तेलंगणाकडे निघाले. 18 एप्रिलला, भर उन्हाळ्यात, पोचमपल्लीच्या दलित वस्तीत त्यांनी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? चाळीस कुटुंबांना मिळून 80 एकर जमीन हवी होती. विनोबांनी ते गावापुढे मांडलं, आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. पुढे तेरा वर्षं ते चालत राहिले. मिळालेल्या जमिनीतली बरीच नापीक निघाली, टीकाही झाली. तरी दर मुक्कामी मागणं तेच, आणि विचारणंही तेच.

उद्या श्लोक 19 आणि 20.