सेवा घ्यायची कशी?

खडवलीला भातसा नदीवर आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन. त्याच बाजूला भिवंडी तालुक्यातल्या सोरगावात मातोश्री वृद्धाश्रम आहे. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर पेपरात बातमी आली, की तिथल्या ६७ जणांना कोरोना झाला. त्यांत ६२ वृद्ध, बाकीचे तिथले कर्मचारी आणि त्यांच्या घरची माणसं. बहुतेक वृद्धांचे लसीचे दोन्ही डोस झालेले. कित्येकांना काही त्रासही जाणवत नव्हता. उपचारासाठी त्यांना ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात आणलं. ओमायक्रॉन हे नाव जगाला त्याच आठवड्यात कळलं होतं, त्यामुळे वाचणाऱ्यांच्या पोटात गोळा आला.

मी मात्र एकाच गोष्टीपाशी थांबलो. ज्यांची सेवा करायची ते आणि ज्यांनी ती करायची ते, दोघंही एकाच यादीत!

थांबण्याला कारण होतं. माझे थोरले बंधू, आमचे दादा, अशाच एका आश्रमात राहतात. वय ७९, लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आश्रमात गेले तेही स्वतःच्या पेन्शनवर आणि स्वतःच्या हट्टाने. ‘कोणावर ओझं नको’ हा त्यांचा मंत्र. आपल्या वयाच्या माणसांना हा मंत्र वेगळा शिकवावा लागत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दादा आजारी पडले. ते दिवस आठवा. डोंबिवलीत सावळाराम क्रीडासंकुलात कोविडचं हॉस्पिटल चालू होतं, तरी कुठेही बेड मिळवायचा तर दहा फोन करावे लागत. लोकल सामान्य माणसाला बंद. दादांचा ऑक्सिजन सुदैवाने खाली गेला नाही, म्हणून त्यांना आश्रमातल्याच वेगळ्या खोलीत ठेवलं. मी रोज सकाळी फोन करायचो. फोन उचलायच्या तिथल्या मावशी. अंग पुसणं, पॉट देणं, पेज भरवणं, सगळं त्याच करत. दादा पहिले दोन दिवस त्यांना हात लावू देईनात. तिसऱ्या दिवशी उठताना तोल गेला, तेव्हा नाइलाजाने ‘चालेल’ म्हणाले.

नवव्या दिवशी फोन दुसऱ्याच कोणी उचलला. मावशींनाही झाला होता. मी विचारलं, ‘मग दादांकडे आता कोण बघतंय?’ मावशी कशा आहेत, हे मी विचारलं नाही. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण घडलं ते असं.

दोघंही बरे झाले. मावशी सतरा दिवसांनी कामावर आल्या. त्या सतरा दिवसांचा पगार कापला गेला, हे मला जूनमध्ये दादांकडून कळलं.

मी बँकेत क्लार्क होतो. लेजरच्या काळात संध्याकाळी बॅलन्स जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, अशी रीत. ज्या नोंदीची दुसरी बाजू सापडत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि नंतर शोधायची. आश्रमाचे पैसे मी दर पाच तारखेला दादांच्या खात्यातून भरत होतो आणि माझ्या मते हिशेब पूर्ण होता. पैशाने मावशींचे तास घेतले होते, हे खरं. पण त्या खोलीत आत जाण्याचा जो धोका त्यांनी पत्करला, तो कुठल्या खात्यात नावे टाकायचा? काही लोक म्हणतात, ती सेवा आहे, सेवेचं मोल करू नये. मला हे पटत नाही. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. सेवा म्हणून थाळी वाजवायची आणि आजारपणात पगार कापायचा, हा व्यवहार तर नाहीच, धर्मही नाही.

मी सतरा दिवसांचे पैसे पाकिटात घालून नेले. मनात धाकधूक, बाईंना अपमान वाटेल. त्यांनी पाकीट घेतलं, कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही दिलंत, मी घेतलं. त्यात काय एवढं?’ आणि इकडे आमचे दादा दोन दिवस एक ओला टॉवेल अंगाला लावून घ्यायला तयार नव्हते.

आपले दत्तमहाराज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा घेतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अत्री-अनसूयेचा हा मुलगा, त्रैलोक्याचा स्वामी, त्याला काय कमी? तरी रोज झोळी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. चोवीस गुरू करणाऱ्या अवधूताने कबुतर, अजगर, मधमाशी यांच्याकडूनही घ्यायला कमीपणा मानला नाही. आपण त्या झोळीला नमस्कार करतो आणि स्वतःचा हात पुढे करायची वेळ आली की मान खाली जाते. ‘ओझं नको’ म्हणण्यात विनय असतो तसा अहंकारही असतो, हे मला दादांकडे बघून कळलं. खरं तर स्वतःकडे बघून. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सूनबाईंना पाणी मागायच्या ऐवजी मी तासभर तहानलेला राहिलो. यात कोणाचं भलं झालं?

घेणाऱ्याने लाजू नये, इथपर्यंत मी आलो. पण घेतल्यावर देणाऱ्याचं तोंड बघायचं, तिलाही ताप येतो हे लक्षात ठेवायचं, ही सवय अजून अंगात मुरलेली नाही.

खडवलीची बातमी आली त्याच वर्षी १८ डिसेंबरला दत्तजयंती होती. देवळं ऑक्टोबरपासून उघडली होती. जन्माचा पाळणा झाला, सुंठवड्याची पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी मास्क लावून दादांना भेटायला गेलो. मावशी दाराशीच कपडे वाळत घालत होत्या. मी हसलो, पुढे गेलो, पुडी दादांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. विचारलं, ‘मावशींना दिलास?’

पुडी मी एकच नेली होती.