मुळांवरील गांठी आणि आपला न्याय

तुरीचें किंवा भुईमुगाचें रोप हलक्या हातानें उपटून मुळांची माती धुतली, तर त्यांवर बारीक गांठी दिसतात. चांगली पोसलेली गांठ फोडली असतां आंत तांबूस रंग आढळतो. हवेचा सुमारें ७८ टक्के भाग नायट्रोजन असूनही पिकास तो तसाच घेतां येत नाहीं. या गांठींतील सूक्ष्म जंतु त्यापासून पिकाचें खाद्य तयार करितात व मोबदल्यांत पिकानें बनविलेल्या अन्नावर जगतात. जर्मनींतील हेलरीगेल यांनीं १८८६ सालीं हें नातें जाहीर केलें. १८८८ सालीं हॉलंडच्या बायेरिंक यांनीं ते जंतु वेगळे काढून दाखविले.

परोपकाराचा कित्ता म्हणून हें उदाहरण मुलांपुढें ठेवण्याचा मोह आम्हांस होत असे. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची हकीकत वाचून तो ओसरला. कीर्स व त्यांचे सहकारी यांनीं सोयाबीनच्या गांठींभोंवतीं हवेऐवजीं आर्गॉन व प्राणवायु यांचें मिश्रण खेळविलें. नायट्रोजन जवळजवळ मिळेनासा झाल्यामुळें जंतूंचें देणें थांबलें. तेव्हां झाडाकडून त्या गांठींस होणारा प्राणवायूचा पुरवठा घटला आणि जंतूंची वाढ मंदावली.

कोणी म्हणेल, योग्यच झालें. फुकट खाणारास धाक नसेल तर भागीदारी टिकेल कशी? हें आम्हांस मान्य आहे. परंतु या जंतूंचा अपराध कोणता? त्यांनीं काम नाकारिलें नव्हतें; कामाचा कच्चा मालच त्यांच्यापासून काढून घेतला होता. ‘देत नाहीं’ आणि ‘देऊं शकत नाहीं’ यांतील भेद झाडास कळत नाहीं. त्याबद्दल झाडास दोष देतां येत नाहीं, कारण पुसण्यास त्याला वाचा नाहीं.

आपणांस ती आहे. तरीही वर्षानुवर्षें राबलेली मोलकरीण आजारानें चार दिवस आली नाहीं, तर आपण तिचा पगार कापतों. मुलगा नापास झाला कीं त्याच्याशीं बोलणें टाकतों. त्याला फळ्यावरचें दिसत होतें कीं नाहीं, याची चौकशी मागाहून होते.

कारणें पुसूं लागलों तर लबाडांचें फावेल, हा आक्षेप खोटा नाहीं. आपण कधीं कधीं फसूं. परंतु फसण्याचें नुकसान बहुधा चार रुपयांचें असतें. न पुसतां हात आखडला तर निरपराध्याचा घास जातो. हिशेब अवश्य ठेवावा. मात्र तो मिटविण्यापूर्वीं समोरच्यास एकदां विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.